कपारीतल्या चुलीला पोतेरं

आखातात मी बावीस वर्षं रस्त्यांच्या लेव्हल घेतल्या. तिपाईवर दुर्बीण लावायची, समोरच्याने आकडे लिहिलेली पट्टी उभी धरायची, दिसेल तो आकडा वहीत उतरवायचा आणि पुढे सरकायचं. या कामाबद्दल मला महाडात कधी कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की परत कधी जाणार. पण घरी येऊन बसल्यावर तीन हिवाळे मी पोलादपूरच्या वर एका डोंगरात, एका कपारीत उकिडवं बसून माती खरवडली, आणि तेव्हापासून बाजारपेठेतून सलग चार पावलं चालता येत नाही. जो तो अडवतो. "इब्राहिमभाई, सोनं लागलं का?"

सोनं लागलं नाही. या अंकासाठी लिहितो म्हणून मी हो म्हणालो, त्यात माझा हा एक स्वार्थ आहे. एकदा छापून आलं की निदान वाचणारे तरी विचारायचे थांबतील.

सुरुवात झाली ती हार्डवेअरच्या दुकानात. मी तिथे नळाची तोटी घ्यायला गेलो होतो. पन्नाशीच्या एक बाई सुतळीची गुंडी, लांब खिळे, दोन थाप्या आणि रंगाचे डझनभर ब्रश मागत होत्या. दुकानदाराने सवयीने विचारलं, "घर रंगवायला काढलंय का?" बाई म्हणाल्या, "नाही हो, डोंगर झाडायचाय." मी हसलो. मग त्यांनी विचारलं, इथे लेव्हलचं यंत्र लावता येणारं कुणी मिळेल का? त्यांचा नेहमीचा माणूस पाठीच्या दुखण्याने पुण्यालाच राहिला होता. दुकानदाराने माझ्याकडे बोट दाखवलं. या बाई पुरातत्त्वाच्या अभ्यासक. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

घरी सांगितलं तेव्हा बायको, रुकय्या, म्हणाली, "आयुष्यभर वाळू मोजलीत, आता माती मोजा. आणि पगार?" पगार नव्हता. स्वयंसेवक म्हणून जायचं होतं. तिने डबा मात्र मोठा भरून दिला.

जागेचं नाव मी लिहिणार नाही, मॅडमची तशी अट आहे. नाव कळलं की हौशी मंडळी पिशव्या घेऊन वेचायला जातात. एवढं सांगतो की पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघायचं, मधेच रस्ता सोडायचा, वाडीत मोटारसायकल लावायची आणि तासभर चढायचं. वर कातळात एक रुंद कपार आहे, पन्नास माणसं पावसात कोरडी राहतील एवढी. वाडीचे लोक तिथे पूर्वी गुरं बांधायचे. गुरांच्याही आधी, लोखंड नव्हतं, भांडी नव्हती, शेती नव्हती, तेव्हा तिथे माणसं राहत होती. आमच्याकडे जमिनीतून काहीही निघालं की ते शिवकाळातलं, असा सगळ्यांचा पक्का समज. किल्ला समोर असल्यावर दुसरं काय वाटणार! त्याच्याही मागे, कितीतरी मागे काळ आहे, हे मला स्वतःला साठीत कळलं.

काम कसं चालतं ते सांगतो. खुंट्या ठोकून, सुतळी ताणून एक चौकोन आखतात. त्यातली माती फावड्याने काढायची नाही, थापीने खरवडायची, एका वेळी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी. मातीचा रंग बदलला की थांबायचं, कारण तिथे दुसरा थर लागला. निघालेली माती घमेल्याने चाळणीवर न्यायची आणि चाळून वर उरेल ते बघायचं. बहुतेक वेळा उरतात खडे. कधीतरी नखाएवढी गारगोटीची कपची मिळते, एका बाजूने धारदार. अशा कपच्या काठीत किंवा हाडात ओळीने बसवून त्या माणसांनी बाण केले, सुऱ्या केल्या. प्रत्येक वस्तू कुठे आणि किती खोल मिळाली, ते मोजण्याचं काम माझं. आठ तास काम करून दिवसाला चार बोटं खाली गेलो, तर तो दिवस धावपळीचा समजायचा.

बघायला येणारेही नमुनेदार. एक गृहस्थ लिंबू, नारळ घेऊन आले आणि खड्ड्याच्या कोणत्या कोपऱ्यात ठेवू विचारू लागले. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातला तरुण केमिस्ट साप्ताहिक सुट्टीला येऊन दिवसभर मातीचा वास घेत बसला आणि जाताना म्हणाला, "काका, आमच्या प्लांटमध्ये एवढ्या सावकाशीने काम केलं तर पहिल्याच दिवशी घरी पाठवतील." तो मात्र पुन्हा पुन्हा आला, आणि चाळणी हलवून गेला.

पण मला लिहायचंय ते सगुणाबायबद्दल.

सगुणाबाय त्या वाडीतली. माझ्याच वयाची, म्हणजे साठीची. मुलगा महाडच्या कारखान्यात पाळीवर जायचा. घरी सून आणि थोडी भातशेती, वर उतारावर नाचणी. मॅडमने वाडीतली पाच माणसं कामाला घेतली होती, त्यात ही. पहिल्या आठवड्यात मी चाळणीवर बसलो होतो आणि खडे म्हणून बरंच काही मागे फेकत होतो. संध्याकाळी तिने माझ्या ढिगातून चार कपच्या वेचून आणल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या.

"भाई, ह्ये टाकायचं नसतं ना?"

चारही माणसाने घडवलेली पाती होती. मॅडमने दुसऱ्या दिवशी तिला चाळणीवरून उठवून खड्ड्यात उतरवलं, आणि चाळणीवर मी एकटा राहिलो.

तिच्या हाताबद्दल काय सांगू! मी परदेशात मोठमोठे इंजिनियर पाहिले आहेत, पण जमीन एवढी समजणारा हात पाहिला नाही. थापी तिला फार आवडायची नाही. ती पंजा मातीवरून फिरवायची आणि सांगायची, इथे घट्ट आहे, इथे कुणीतरी आधी उकरलेलं आहे. मॅडम तिथे खुणा करून ठेवायच्या आणि दोन दिवसांनी ते खरं निघायचं. बिळात भरलेली माती आणि मूळची माती यांतला फरक कळायला मॅडमच्या विद्यार्थ्यांना वर्ष लागलं होतं. फोटो काढायच्या दिवशी खड्डा अगदी स्वच्छ लागतो, पायाचा ठसासुद्धा चालत नाही. त्या दिवशी झाडायला सगुणाबायच. ती झाडत झाडत मागे यायची आणि शेवटची पायरी चढताना स्वतःचं पाऊलही पुसून घ्यायची.

दुसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी तिने मला हाक मारली.

"भाई, हितं माती बदल्ली."

मला काहीच दिसेना. मॅडम आल्या, त्यांनाही नक्की सांगता येईना.

"भाजलेली हाय ही," सगुणाबाय म्हणाली. "हाताला कोरडी लागते."

तिथून पुढे दोन दिवस मॅडम स्वतः ब्रश घेऊन बसल्या. हळूहळू एक दगड वर आला, मग दुसरा, मग तिसरा. मधली माती काळी, भोवतीची लालसर. सगुणाबाय वाकून बघत होती, आणि आपण कुणाशी बोलतोय याचं भान विसरून एकदम म्हणाली, "चूलच हाय गो बाय ही!"

मॅडम मातीतच बसल्या. माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. हजारो वर्षांपूर्वी त्या कपारीत कुणीतरी तीन दगड मांडले, जाळ केला, आपल्या माणसांना जेवायला घातलं. आणि ते दगड त्या माणसाने ठेवले तसेच होते.

आता या चुलीत खरी किंमत कशाची, तर कोळशाची. कोळशाच्या तुकड्यावरून तो किती जुना आहे हे प्रयोगशाळेत काढता येतं. अट एकच, आजचं काहीही त्याला लागता कामा नये. हात नाही, तंबाखू नाही, पाला नाही. तो चिमट्याने उचलून चंदेरी कागदात गुंडाळतात. हे मॅडमने मला आणि विद्यार्थ्यांना समजावलं, आणि मला म्हणाल्या, वाडीच्या माणसांना तुमच्या भाषेत तुम्ही सांगा. मी हो म्हटलं. त्या दिवशी नोंदी राहिल्या होत्या, म्हणून उद्या सांगू असं ठरवलं. उद्या दुसरं काही निघालं.

मॅडमचे वरिष्ठ, आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो, पुण्याहून चूल बघायला यायचे होते. पुढच्या हिवाळ्यात काम चालू ठेवायचं की नाही, ते त्यांच्या हातात होतं. त्यांना चूल जागेवर, काहीही न उचलता बघायची होती. म्हणून आम्ही ती प्लास्टिकने झाकून ठेवली. आदल्या दिवशी मॅडम आणि विद्यार्थी त्यांना घ्यायला दुपारीच पोलादपूरला उतरले. मागे राहिलेल्यांत मोठा मी. निघताना मी सगुणाबायला सांगितलं, "उद्या सकाळी मोठे सर यायचेत. त्यांच्याआधी येऊन जागा अगदी नीट करून ठेवा. पुण्याहून पाहुणे येतायत, आपली मान खाली जायला नको."

"काय काळजी करू नका," ती म्हणाली.

सकाळी मी वाडीत मोठे सर, मॅडम, विद्यार्थी सगळ्यांना गाठलं आणि बरोबरच वर चढलो. कपारीत शिरलो आणि माझे पायच थबकले.

सबंध खड्डा शेणाने सारवलेला होता. बोटांची अर्धगोल नक्षी एका मापाची, भिंतीपासून भिंतीपर्यंत. तिन्ही दगडांना, चुलीच्या आतल्या काळ्या मातीलासुद्धा पोतेरं दिलेलं होतं. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी बायका ओल्या फडक्याने शेणमातीचा हात देतात ना, तसं. पुढच्या दगडाला हळदीकुंकू. खड्ड्याच्या काठावर रांगोळी. आणि बाजूला सगुणाबाय, धुतलेलं लुगडं नेसून, पदर डोक्यावर घेऊन उभी. तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

मोठे सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढली आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

"मी," ती म्हणाली, अजून खुशीतच.

मग तिने मॅडमचा चेहरा बघितला. विद्यार्थ्यांचे बघितले. काहीतरी भयंकर झालंय एवढं तिला कळलं. काय ते कळलं नाही.

"असं करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. एकदाच.

"कोनी नाय. माझ्या मनानंच केलं."

मी तिपाईचे पाय सारखे करत होतो. ते सारखेच होते.

मोठे सर दुपारच्या आत उतरले. जाताना म्हणाले, चुलीचा नमुना आता निरुपयोगी आहे, पुढच्या वर्षाचं काही सांगता येणार नाही, आणि स्थानिक कामगार यापुढे खड्ड्यात नकोत. मॅडमने सगुणाबायला बाजूला घेतलं आणि शक्य तितक्या हळू सांगितलं, की थोडे दिवस घरीच थांबा. जिने ती चूल शोधली, तिलाच हे ऐकावं लागलं. तिने केरसुणी कातळाला टेकवून ठेवली आणि एकटीच पायवाटेने खाली गेली.

एवढ्यावर माझं भागलं नाही. उत्खननाची रोजची एक वही असते. माती एकदा काढली की ती जागा परत जशीच्या तशी होत नाही; पुढे कुणाला काय घडलं ते बघायचं तर ही वहीच. म्हणून तिच्यात पेन्सिल चालत नाही, खोडलेलं चालत नाही. वही लिहायचा मी. त्या दुपारी माझ्या सुरेख अक्षरात मी लिहिलं, "स्थानिक महिला कामगाराने परवानगीशिवाय चूल सारवल्यामुळे कोळशाचा नमुना बाद." खाली मॅडमने सही केली. एवढा नीट लिहिलेला खोटेपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

घरी गेल्यावर रुकय्याला सगळं सांगितलं, अर्थात मला सोयीचं तेवढंच. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमच्या अम्मीने मातीचं घर होतं तोवर हातांनी सारवलं. ईदला पाहुणे यायचे तर आदल्या दिवशी तुम्हाला ओट्यावर पाय ठेवू द्यायची नाही. आणि तुम्ही त्या बाईला पाहुणे येतायत म्हणून सांगून आलात. ती दुसरं काय करणार होती?"

दोन दिवस मी वर गेलो, आकडे घेतले, परत आलो. खड्ड्यात विद्यार्थी खरवडत होते आणि प्रत्येक वेळी माती बदलली की एकमेकांकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मॅडम चहा घेत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. नीट करायला मी सांगितलं, कोळशाचं सांगायचं मी विसरलो, आणि तिने मला वाचवलं तेव्हा मी गप्प राहिलो.

मॅडमने कप खाली ठेवला. रागावल्या होत्या, पण आवाज चढवला नाही. "आधी तिच्याकडे जा," म्हणाल्या. "वहीचं नंतर बघू."

सगुणाबाय ओटीवर नाचणी पाखडत होती. मला बघून तिने सुनेला हाक मारली, "गो, भाईंना पानी आन." मी पाणी प्यायलो आणि माफी मागितली. या वयात माफी मागायला शब्द सापडत नाहीत, कसेबसे जुळवले. कोळशाचंही त्या दिवशी सांगायचं होतं ते सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"मग तेव्हाच का नाही बोललात, भाईंनी सांगितलं म्हणून?" मी विचारलं.

"बोल्ले असते तर तुमाला पन घरी बसवलं असतं. ते यंत्र दुसऱ्या कोनाला लावता येतं? काम बंद पडलं असतं."

ती मला वाचवत नव्हती. ती चूल वाचवत होती. मला तर तेही सुचलं नव्हतं.

तिने सूप पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाली, "पन भाई, येक इचारू? तुमाला कोळसाच पायजे ना? मग चुलीत काय शोधता? चुलीत काय ऱ्हातं? रोज सकाळी बाई राख काढते नि भायेर टाकते. राखंचा ढीग शोधा की."

मी पुढे सरकून विचारलं,

"कुठे असेल?"

"वारा दरीतनं वर येतो. राख उडून तोंडावर येनार नाय अशा अंगाला टाकनार. डाव्या हाताला तो मोठा धोंडा हाय ना, त्याच्या मागं. मी असते तर तितंच टाकली असती."

मी तिला घेऊनच वर गेलो. मॅडमने तिचं म्हणणं दोनदा ऐकलं, धोंड्यामागे जाऊन वाऱ्याचा अंदाज घेतला आणि तिथे नवा चौकोन आखला. सगुणाबायला त्यांनी थापी दिली. मोठ्या सरांना काय सांगायचं ते मी बघेन, म्हणाल्या.

पहिल्या दिवशी नुसती पिवळी माती निघाली. दुसऱ्या दिवशीही तीच. विद्यार्थ्यांची कुजबुज सुरू झाली. हे चुकलं तर तिला पुन्हा खड्ड्यात कुणी उतरवणार नव्हतं. सगुणाबाय मात्र मान खाली घालून खरवडत होती. तिसऱ्या दिवशी जेवणाआधी ती थांबली, पंजा टेकवला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"मॅडम, मी आता हात लावत नाय. तुमीच बघा."

खाली करडी राख होती. वीतभर जाड थर, त्यात जळकी हाडं, गारगोटीच्या कपच्या, आणि कोळशाचे तुकडे, काही तर करंगळीएवढे. त्यावर कुणाचा हात नाही, शेण नाही. मॅडमने चिमटा सगुणाबायच्या हातात दिला. तिचा हात जराही हलला नाही. पहिला तुकडा चंदेरी कागदात ठेवून ती त्या राखेच्या थराकडे बघत म्हणाली, "लय वर्सं ऱ्हायली गो ही बाय हितं."

तो कोळसा तपासून आला आहे. आकडा मी लिहीत नाही, मॅडमचा लेख अजून छापून यायचाय. आम्ही धरलं होतं त्याहून ती चूल बरीच जुनी निघाली. तिसऱ्या हिवाळ्याला परवानगीही मिळाली, आणि खड्ड्यात सगुणाबाय होती.

पण मला सांगायचंय ते राख सापडली त्या दुपारचं. मी वही उघडली. जुनी ओळ खोडता येत नव्हती, म्हणून त्या दिवसाच्या नोंदीखाली लिहिलं, "आधीच्या नोंदीत दुरुस्ती. जागा नीट करण्यास मी सांगितले होते. नमुन्याची काळजी कामगारांना समजावून देणे माझे काम होते, ते मी केले नाही. चूक माझी. राखेची जागा सगुणाबाई यांनी दाखवली." सही केली. सगुणाबायला वाचता येत नाही, म्हणून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं.

तिने नीट ऐकलं.

"ह्ये त्या पुन्याच्या सरांना दिसंल?"

"दिसेल. वहीची प्रत त्यांच्याकडेच जाते."

"मग आनखी येक लिवा."

"काय?"

"पोतेरं चांगलं बसलं व्हतं म्हनून लिवा. कुठं भेग नव्हती, कुठं वळ नव्हता. त्यांनी त्ये बघितलंच नाय."

मी मॅडमकडे बघितलं. त्या हसू दाबत म्हणाल्या, "खरं असेल तर लिहा."

खरं होतं. मी लिहिलं, आणि मॅडमने खाली सही केली.